बोटावरची वाकणारी बाहुली



मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्या घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते : 'मुले मोबाईल सोडत नाहीत.' आपण त्यांना रागावतो, मोबाईल काढून घेतो. पण मोबाईल काढून घेतल्यावर त्या रिकाम्या हातात काय द्यायचे, याचा विचार आपण फारसा करीत नाही. गेल्या मे महिन्यात महिला मंडळाच्या आम्ही काही जणींनी चर्चच्या हॉलमध्ये मुलांसाठी तीन दिवसांचा बोटबाहुल्यांचा वर्ग घेतला. त्या वर्गात आम्ही मुलांना जितके शिकवले त्याहून जास्त आम्हीच शिकलो. आमच्या चुका आणि त्या चुकांतून मिळालेले धडे आज तुमच्यापुढे ठेवीत आहोत.

पहिल्या दिवशी आम्ही जाड पुठ्ठ्याच्या नळ्या करून त्यांवर वाघ, ससा, राजा, राणी अशी चित्रे चिकटवली. बाहुल्या दिसायला सुंदर झाल्या. मुलांनी त्या बोटांत घातल्या, इकडून तिकडे हलवल्या आणि पंधरा मिनिटांत बाकावर ठेवून ती अंगणात पळाली. आमचा उत्साहच मावळला. तेवढ्यात एका लहान मुलीने आपल्या जुन्या पायमोज्याचे फाटके टोक बोटावर चढवले आणि बोट वाकवून आम्हाला नमस्कार केला. त्या चिंधीला ना डोळे होते ना तोंड. तरी सगळी मुले खो खो हसली आणि 'मला पण, मला पण' म्हणू लागली.

असे का झाले? कारण एकच : पुठ्ठ्याची बाहुली वाकत नव्हती, चिंधी वाकत होती. बाहुलीत जीव येतो तो चेहऱ्याने नव्हे, हालचालीने येतो. हा पहिला धडा.

दुसरा धडा आम्हाला एका आजींनी दिला. त्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून होत्या. परदेशात वाढणारा त्यांचा पाच वर्षांचा नातू तीन आठवड्यांसाठी घरी येणार होता. त्याला आपली बोली येत नाही आणि आजींना त्याची इंग्रजी येत नाही. 'त्याच्याशी बोलू तरी कशी? निदान खेळेन तरी,' एवढेच त्या म्हणाल्या. पण संधिवाताने त्यांच्या बोटांची पेरे सुजलेली होती. आम्ही केलेली एकही बाहुली त्यांच्या बोटावर चढेना. आजी हसून म्हणाल्या, 'राहू दे गं.' आम्हाला मात्र फार वाईट वाटले. त्यांची गोष्ट आपण पुढे पाहू. आधी बाहुलीकडे वळू या.

बाहुल्यांचे कुळ

आपल्या महाराष्ट्रात बाहुल्यांच्या खेळाची मोठी परंपरा आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी गावी ठाकर समाजाचे कलावंत कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या यांचे खेळ पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. त्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. कळसूत्री बाहुली दोऱ्यांवर चालते, छायाबाहुली पडद्यामागे नाचते, हातमोजाची बाहुली अख्ख्या पंजावर बसते. बोटबाहुली ही या कुळातली सर्वांत धाकटी. तिला दोरी नको, पडदा नको, रंगमंचही नको. एक बोट पुरे.

दक्षिण अमेरिकेतील पेरू व बोलिव्हिया या देशांत लोकरीच्या विणलेल्या बोटबाहुल्या प्रसिद्ध आहेत. रशियाचे थोर बाहुलीकार सर्गेई ओब्राझत्सोव तर उघड्या हातावर, फक्त बोटाच्या टोकाला एक छोटा गोळा लावून प्रयोग करीत. त्या गोळ्याखालचे मानवी बोटच बाहुलीची मान होऊन बोलत असे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले चित्रकार पॉल क्ले यांनी १९१६ ते १९२५ या काळात आपल्या मुलासाठी सुमारे ५० हातबाहुल्या केल्या. त्यांत चिंध्या, काड्यापेटी, हाड असे घरातलेच टाकाऊ सामान वापरले. त्यांपैकी ३० बाहुल्या आज बर्न शहरातील त्यांच्या संग्रहालयात आहेत. एवढ्या मोठ्या चित्रकाराला मुलासाठी चिंध्या शिवताना कमीपणा वाटला नाही, हे आपण आई-वडिलांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आधी आपले बोट ओळखू या

शिंपी माप घेतल्याशिवाय कपडा बेतत नाही. बाहुली हा बोटाचा कपडा आहे. म्हणून आधी बोटाची ओळख हवी. अंगठ्याला दोन हाडे आणि बाकीच्या प्रत्येक बोटाला तीन हाडे असतात. बोटे वाकवणारे स्नायू बोटांत नसतातच. ते तळहातात आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातात असतात. तेथून दोरीसारखे स्नायुबंध बोटांपर्यंत येतात. म्हणजे आपले बोट हीच एक कळसूत्री बाहुली आहे!

आता तीन सोपे प्रयोग करून पाहा. घरी मुलांनाही करायला सांगा.

पहिला प्रयोग : बोटाचे फक्त टोकाचे पेर वाकवून पाहा. बहुतेकांना ते जमत नाही. मधले पेरही सोबत वाकतेच. म्हणून बाहुली 'नमस्कार' करते ती मुख्यतः मधल्या सांध्यात. आपल्या बाहुलीची कंबर तेथे यायला हवी.

दुसरा प्रयोग : तळहात टेबलावर पालथा ठेवा. मधले बोट मुडपून आत घ्या. आता अनामिका वर उचलून पाहा. ती जवळजवळ उचलतच नाही. तर्जनी मात्र सहज उचलते. हाताच्या पाठीवर मधल्या बोटाचे, अनामिकेचे आणि करंगळीचे स्नायुबंध आपापसात जोडलेले असतात. तर्जनीला आणि करंगळीला सरळ होण्यासाठी स्वतःचा आणखी एक वेगळा स्नायू मिळालेला आहे. अनामिकेला तो नाही. म्हणून गोष्टीतले मुख्य पात्र नेहमी तर्जनीवर घालावे. दुसरे पात्र हवे असेल तर दुसऱ्या हाताची तर्जनी घ्यावी. अनामिकेवर झाड, घर किंवा झोपलेला राजा ठेवावा, म्हणजे तिला कष्ट नाहीत.

तिसरा प्रयोग सर्वांत महत्त्वाचा आहे. कागदाची अरुंद पट्टी बोटाच्या पाठीवर, नखापासून मुळाजवळच्या मोठ्या सांध्यापर्यंत ठेवा. दोन्ही टोके जेथे येतात तेथे पेनाने खूण करा. आता मधल्या सांध्यात बोट काटकोनात वाकवा आणि तीच पट्टी बोटाला लगटून पुन्हा धरा. पट्टी सुमारे एक सेंटीमीटर अपुरी पडेल. बोट वाकले की पाठीची बाजू लांब होते आणि पोटाची बाजू आखडते. आपल्या कातडीला हे ठाऊक आहे. म्हणून तर सरळ बोटाच्या पाठीवर, मधल्या सांध्यावर, सुरकुत्या असतात. ते जादा कापड आहे, वाकण्यासाठी राखून ठेवलेले!

पुठ्ठ्याच्या नळीत हे जादा कापड नव्हते. म्हणून ती वाकली नाही. आमची पहिली चूक बोटाने आम्हाला अशी समजावून दिली.

चेहरा कोणत्या बाजूला?

आमची दुसरी चूक ऐकून तुम्हाला हसू येईल. दुसऱ्या दिवशी आम्ही कापडाच्या बाहुल्या शिवल्या आणि चेहरा नखाच्या बाजूला काढला, कारण बोट आपल्या डोळ्यांपुढे धरले की आपल्याला नख दिसते. मुलांनी बोट वाकवले, तर बाहुली पुढे वाकण्याऐवजी मागे उताणी पडू लागली. राजा दरबारात आला आणि कमरेतून मागे मोडला! बोट तळहाताकडेच वाकते. म्हणून चेहरा आणि पोट तळहाताच्या बाजूला, पाठ नखाच्या बाजूला, हा नियम पक्का लक्षात ठेवा. खेळताना तळहात पाहणाऱ्यांकडे करावा, म्हणजे बाहुली त्यांच्याकडे पाहून वाकते.

कापड कोणते घ्यावे?

नवे काही विकत आणण्याची गरज नाही. जुना बनियन, टी-शर्ट, पायमोजे यांचे होजिअरी कापड सर्वांत चांगले. हे कापड फासे गुंफून विणलेले असते. ओढले की फासे लांबतात आणि सोडले की पुन्हा जागेवर येतात. साडी, सदरा, चादर यांचे कापड उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेले असते. ते सरळ ओढले तर ताणत नाही, पण तिरके, म्हणजे उरेब कापले तर थोडे ताणते. शिवणकाम करणाऱ्या भगिनींना हे ठाऊकच आहे. फेल्ट नावाचे कापड विणलेले नसते, दाबून चिकटवलेले असते. कापल्यावर त्याचे धागे सुटत नाहीत. कान, टोपी, पंख यांसाठी ते उत्तम. पण फार ताणत नाही, म्हणून अंगासाठी घेऊ नये. ज्यांना क्रोशाकाम येते त्यांनी लोकरीची नळी विणावी. ती आपोआप वाकते.

कापड नसेल तर कागदही चालेल. मात्र त्याला पंख्यासारख्या बारीक घड्या घालाव्यात. सरबताची वाकणारी स्ट्रॉ आठवा. तीही जेथे घड्या आहेत तेथेच वाकते. सुरकुत्या, चुण्या, घड्या आणि फासे या सर्वांचे काम एकच : वाकण्यासाठी थोडी जागा राखून ठेवणे.

माप आणि बेत

तर्जनीच्या मधल्या सांध्याभोवती दोरा गुंडाळा आणि तो पट्टीवर मोजा. मोठ्या माणसांत हा घेर साधारण सहा ते सात सेंटीमीटर भरतो, लहान मुलांत त्याहून कमी. प्रत्येकाचे माप वेगळे घ्यावे. ताणणारे कापड असेल तर बाहुलीचा घेर बोटापेक्षा अर्धा सेंटीमीटर कमी ठेवावा, म्हणजे ती निसटत नाही. न ताणणारे कापड असेल तर अर्धा सेंटीमीटर जास्त ठेवावा.

समजा, बोटाचा घेर साडेसहा सेंटीमीटर आहे आणि कापड टी-शर्टचे आहे. मग पुढीलप्रमाणे करावे :

१) दोन तुकडे कापा. पोटाचा तुकडा ४ सें.मी. रुंद व ७ सें.मी. लांब, पाठीचा तुकडा ४ सें.मी. रुंद व ८ सें.मी. लांब. कापड ज्या दिशेने जास्त ताणते ती दिशा रुंदीकडे ठेवा. दोन्ही तुकड्यांची वरची कड बोटाच्या टोकासारखी गोल करा. शिलाईसाठी प्रत्येक बाजूचा अर्धा सेंटीमीटर यात धरलेला आहे.

२) चेहरा आधी, शिलाई नंतर. पोटाच्या तुकड्यावर वरच्या अडीच-तीन सेंटीमीटरांत डोळे आणि तोंड रंगीत दोऱ्याने भरा. शिवून झालेल्या नळीत सुई घालणे फार त्रासाचे होते.

३) पाठीच्या तुकड्यावर वरून ४ आणि ७ सेंटीमीटरांवर खुणा करा. पोटाच्या तुकड्यावर ४ आणि ६ सेंटीमीटरांवर खुणा करा.

४) पाठीच्या दोन्ही कडांना, दोन खुणांच्या मध्ये, धावदोरा घाला आणि हळूच ओढून ३ सेंटीमीटरांचे २ सेंटीमीटर करा. बारीक चुण्या पडतील. याच त्या सुरकुत्या! मधल्या सांध्यावर एक सेंटीमीटर जादा कापड राखले गेले.

५) दोन्ही तुकड्यांच्या सुलट बाजू आत घेऊन खुणेला खूण जुळवा. आता दोन्हींची लांबी सारखी झालेली दिसेल. कान किंवा हात लावायचे असल्यास ते आत, कडांच्या मध्ये ठेवा. खालची बाजू सोडून बाकी कडा अर्धा सेंटीमीटर आत शिवा. टाका फार घट्ट ओढू नका, नाहीतर कापड ताणेल पण दोरा तुटेल.

६) खालची कड अर्धा सेंटीमीटर आत दुमडून सैल, नागमोडी टाका घाला. मग पेन्सिलीच्या बोथट टोकाने नळी सुलट करा.

बाहुली बोटावर घाला आणि वाकवा. ती कमरेत वाकली आणि खालची कड वर सरकली नाही, तर तुमचा बेत बरोबर जमला. कड वर सरकत असेल तर चुण्या कमी पडल्या असे समजावे.

ज्यांना शिवण येत नाही त्यांनी निराश होऊ नये. लहान मुलाच्या जुन्या पायमोज्याचे टोक कापून घ्यावे, कडेला चार टाके घालून बोटाच्या मापाचे करावे आणि डोळे भरावेत. दहा मिनिटांचे काम आहे.

सजावट : कमी ती चांगली

बाहुलीचे डोके जड झाले की ती बोटावर फिरते आणि मान टाकते. म्हणून डोक्यात कापूस थोडाच भरावा. कान, हात, शेपूट ही एकाच टोकाला शिवावीत, दुसरे टोक मोकळे सोडावे. मग बोट किंचित हलले तरी कान हलतात, शेपूट झुलते. मुलांना हेच आवडते.

काही पात्रे तर वाकण्यासाठीच जन्माला आली आहेत. हत्ती करायचा असेल तर जाड कागदावर त्याचे तोंड काढा, मध्ये भोक पाडा आणि त्यातून बोट बाहेर काढा. आपले बोटच सोंड झाले! बगळ्याची मान, सुरवंट, गांडूळ, सापही सोपे आहेत. आमच्या वर्गातील एका कोळी मुलाने राखाडी मोज्याचा बोंबील केला. तो दोरीवर वाळत घातल्यासारखा लोंबायचा. 'याचे हाडच मऊ, म्हणून हा सगळ्यांत छान वाकतो,' असे त्याने आम्हाला सांगितले. वर्गातले सर्वांत हुशार वाक्य तेच होते.

सावधान!

येथे आम्हाला एक गोष्ट कबूल करायची आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही बाहुल्यांना शर्टाच्या बटणांचे डोळे लावले होते. एका मुलीची सव्वा वर्षाची धाकटी बहीण हॉलमध्ये रांगत होती. तिने एक बाहुली उचलली आणि तोंडात घातली. आईचे लक्ष गेले म्हणून बरे. तिने बाळाच्या तोंडातून बाहुली काढली, तेव्हा बटण एका धाग्यावर लोंबत होते. आम्हा सर्वांच्या छातीत धस्स झाले. त्याच संध्याकाळी आम्ही सगळी बटणे कापून काढली आणि डोळे दोऱ्याने भरले.

विकत मिळणाऱ्या खेळण्यांना भारतात १ जानेवारी २०२१ पासून सुरक्षिततेचे मानक बंधनकारक झाले आहे. लहान भाग तपासण्यासाठी त्यात सुमारे ३२ मिलीमीटर, म्हणजे सव्वा इंच व्यासाचे एक नळकांडे वापरतात. जो सुटा भाग त्यात पूर्ण मावतो तो तीन वर्षांखालील मुलांच्या घशात अडकू शकतो असे मानतात. घरी केलेल्या बाहुलीला कोणी तपासायला येत नाही. म्हणून तपासणारे आपणच. पुढील गोष्टी अवश्य पाळाव्यात :

घरात तीन वर्षांखालील मूल असेल तर बटणे, मणी, टिकल्या, चिकटवलेले डोळे वापरू नयेत. लोहचुंबक आणि बटणासारख्या लहान बॅटऱ्या तर कोणत्याच वयात नकोत. त्या पोटात गेल्या तर जिवावर बेतते. बाहुली उलटी करून आतले लोंबणारे धागे कापून टाकावेत, कारण सुटा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळून रक्त अडवू शकतो. घट्ट इलॅस्टिक घालू नये. बोटाचे टोक लाल किंवा निळसर दिसले तर बाहुली लगेच काढावी. रंग जाणारे कापड आधी धुऊन घ्यावे, कारण बाहुली शेवटी तोंडात जातेच.

आजींची बाहुली

आता आजींकडे येऊ. त्यांच्या बोटाचे मधले पेर मुळाजवळच्या भागापेक्षा जाड झाले होते. पेरावरून चढेल एवढी नळी केली, तर ती खाली सैल पडे. मुळाशी बसेल एवढी केली, तर पेरावरून जाईना. शिवाय त्यांचे बोट नीट वाकतच नव्हते. मग वाकणारी बाहुली त्यांना काय उपयोगाची?

दोन दिवस आम्ही डोके खाजवले. आमच्यातल्या एका शिवणकाम करणाऱ्या भगिनीला उत्तर सापडले. ती म्हणाली, 'बोट वाकत नसेल तर बाहुलीला वाकायला शिकवू.' तिने पाठीचा तुकडा मधोमध उभा कापला आणि दोन्ही कडा एकमेकींवर येतील अशी जादा पट्टी जोडली. आता नळी चढवावी लागत नव्हती. ती बोटाभोवती गुंडाळायची आणि मऊ चिकटपट्टीने बंद करायची. दुखऱ्या पेराला धक्काही लागत नव्हता. मग तिने डोके बोटाच्या टोकावर न बसवता टोकाच्या वर बसवले. मध्ये दीड सेंटीमीटर मोकळी, बिनकापसाची मऊ मान ठेवली. डोक्यात थोडासा कापूस, मानेत काहीच नाही. हात पुढे कलता केला की बाहुली मान डोलवी. हात मागे घेतला की वर पाही.

आजींनी ती बोटाला गुंडाळली, मनगट हलवले आणि बाहुलीने होकार दिला. आजी काहीच बोलल्या नाहीत. पुन्हा हलवले. पुन्हा होकार.

या प्रसंगातून आम्ही एक गोष्ट शिकलो. आजपर्यंत आम्ही चांगल्या बोटाचे माप घेऊन बाहुली करीत होतो आणि ज्याला ती होत नाही त्याला 'राहू दे' म्हणत होतो. वाकायचे ते बाहुलीने, माणसाने नव्हे. आपल्या घरात वयस्कर, आजारी किंवा अपंग कोणी असेल तर त्यांच्या हाताचे माप सर्वांत आधी घ्यावे.

खेळावे कसे?

बाहुली झाली की अर्धे काम झाले. उरलेले अर्धे खेळण्यात आहे. चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक : जी बाहुली बोलते तीच हलते, दुसरी स्तब्ध राहून ऐकते. दोन्ही एकदम हलल्या तर कोण बोलते ते मुलांना कळत नाही.

दोन : आपण बाहुलीकडे पाहावे. आपण जेथे पाहतो तेथे मूल पाहते. आपणच खिडकीबाहेर पाहिले तर बाहुली मरते.

तीन : घाई करू नये. बाहुलीने हळूच डोके वर काढावे, थांबावे, इकडेतिकडे बघावे, पुन्हा लपावे. नुसत्या लपाछपीवर लहान मूल कितीतरी वेळ हसते. होकारासाठी बोट वाकवावे, नकारासाठी मनगट फिरवावे, झोपण्यासाठी बोट हळूहळू खाली न्यावे.

चार : बाहुलीला मास्तर करू नये. 'दात घास', 'अभ्यास कर' असे ती सांगू लागली की मुले ओळखतात की ही आईच आहे. बाहुलीने चुका कराव्यात, हरवावे, विसरावे आणि मुलांना विचारावे. मग मुलेच तिला शिकवतात. लाजाळू मूल जे आपल्याला सांगत नाही ते कधी कधी बाहुलीला सांगते. अशा वेळी मध्येच प्रश्न विचारून त्याला अडवू नये. बाहुलीला ऐकू द्यावे.

आणखी एक विनंती. बाहुलीला आपल्या घरातल्या बोलीत बोलू द्या. इंग्रजी शाळेत जाणारी आपली मुले आपली बोली ऐकतात, पण बोलायला लाजतात. बाहुलीच्या तोंडून बोलताना ती लाज थोडी कमी होते, हे आम्ही वर्गात पाहिले. बाहुली चुकली तर हसे बाहुलीचे होते, मुलाचे नाही.

शेवटी

आजींचा नातू आला आणि तीन आठवड्यांनी परत गेला. त्या दिवसांत तो आपली बोली शिकला असे आम्ही सांगणार नाही. तसे झाले नाही. पण त्याला दुसरी बाहुली करून दिली होती आणि रोज संध्याकाळी ओट्यावर दोन बाहुल्या समोरासमोर बसत. आजी आपल्या बोलीत बोलत, तो त्याच्या भाषेत बोले. कोणालाच सगळे कळत नव्हते आणि कोणाचेच अडत नव्हते. जाताना तो आपली बाहुली बॅगेत न टाकता बोटात घालूनच विमानतळावर गेला. आता रविवारी फोनवर तो आधी चेहरा दाखवत नाही. पडद्यावर एक बोट येते, कमरेत वाकते. इकडे आजींची बाहुली मान डोलवते. त्यानंतर घरातली माणसे बोलू लागतात.

ज्या मोबाईलची तक्रार करून आम्ही हा लेख सुरू केला, त्याच मोबाईलवर ही भेट होते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. दोष यंत्राचा नसतो. त्याच्यापुढे आपण रिकाम्या हाताने बसतो, तो असतो.

तेव्हा वाचकहो, आज घरी गेल्यावर कपाटातला जोडी हरवलेला एक पायमोजा शोधा. घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत वयस्कर माणसाच्या बोटाला दोरा गुंडाळून माप घ्या. कात्री, सुई आणि दोरा तुमच्या घरात आहेच. येत्या सुट्टीत आम्ही पुन्हा वर्ग घेणार आहोत. या वेळी शेवटच्या बाकावर कोणी बसणार नाही; सर्व आजी-आजोबांना आम्ही पहिल्या बाकावर बसवणार आहोत. आपली बाहुली बोटात घालूनच या!